पात्याचं पाणी

खंडेनवमीला आमच्या कोरीटच्या घरात देव्हाऱ्यासमोर एक पाट मांडतात. आईची विळी, नारळ फोडायचा कोयता, दोन विळे, खुरपी, कुऱ्हाड, सुपारीचा अडकित्ता आणि आजोबांचा दाढीचा वस्तरा त्यावर ओळीनं ठेवतात. हळद-कुंकू, झेंडूचं फूल आणि नमस्कार. लहानपणी मला या पूजेचं एवढंच अप्रूप होतं की त्या दिवशी कुणी भाजी चिरायला सांगत नसे. पुढे नंदुरबारला शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. लोखंडाचं गंजणं, मिश्रधातू, उष्णतेनं होणारं प्रसरण हे सगळं फळ्यावर लिहून दिलं. पण पाटावरच्या या वस्तूंपैकी चांगली कुठली आणि सुमार कुठली, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

निवृत्तीनंतर सुऱ्या जमवायचा नाद लागला. नाद म्हणतो, कारण सुरुवातीला त्यात अभ्यास नव्हताच. आजोबांच्या ट्रंकेत एक घडीचा चाकू सापडला, त्यावरून सुरुवात झाली. मग मुलानं जर्मन बनावटीची एक सुरी भेट दिली, एक खुकरी आली, आणि चौथी वस्तू म्हणून मी ‘दमास्कस पोलादाची’ असं सांगून विकली जाणारी एक सुरी साडेचार हजार रुपयांना मागवली. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. मी ती मोठ्या हौसेनं आमच्या गावाजवळच्या लोहारबाबांना दाखवायला नेली. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. त्यांनी सुरी हातात घेतली, नखावर टेकवली, ऐरणीच्या कडेला पात्यानं हलकीशी टिचकी मारली आणि परत दिली.

“गुरुजी, हाई सुरी नही. हाऊ पत्रा शे.”

ही सुरी नाही, हा पत्रा आहे. मला राग आला. घरी येऊन बारीक पॉलिश पेपरनं पात्याचा बोटभर भाग घासला. नक्षी निघून गेली आणि खाली स्वच्छ, एकसारखा, निर्जीव धातू दिसला. लाटा वरून कोरलेल्या होत्या. साडेचार हजारांत मी एक चित्र विकत घेतलं होतं. माझा खरा अभ्यास त्या दिवशी सुरू झाला. या वाटेला नव्यानं लागणाऱ्याची तेवढी फसगत टळावी म्हणून त्यातलं जे पक्कं समजलं ते इथं मांडतो आहे.

लोखंडात मुरलेला कोळसा

पहिली गोष्ट अगदी प्राथमिक आहे. सुरी लोखंडाची नसते, पोलादाची असते. आणि पोलाद म्हणजे लोखंडात मुरलेला थोडासा कार्बन. हा ‘थोडासा’ किती, यावर सगळं ठरतं. शंभर भागांत पाव भागापेक्षा कमी कार्बन असेल तर ते मऊ पोलाद. त्याचे खिळे, पत्रे, बांधकामाच्या पट्ट्या होतात. त्याला कितीही तापवून पाण्यात बुडवा, ते म्हणावं तसं कडक होत नाही. अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेलं की धार टिकू लागते. सुरीच्या चांगल्या पोलादात साधारण ०.६ ते १ टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो. दोन टक्क्यांच्या वर गेलं की बीड, म्हणजे ओतीव लोखंड. ते कडक खरं, पण घाव बसला की तडकतं.

आमच्याकडचे लोहार पोलाद बाजारातून नवं आणत नाहीत. सुरत-धुळे महामार्ग जिल्ह्यातून जातो, त्यामुळे भंगारात ट्रकच्या कमानपाट्यांना तोटा नाही. या पाट्यांत साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. म्हणून कोयता, कुऱ्हाड, विळा यांना पाटा योग्य: मार खातो, वाकतो, तुटत नाही. बारीक धारेची सुरी करायची तर लोहारबाबा बेअरिंगची कडी किंवा झिजलेली कानस शोधतात. बेअरिंगच्या पोलादात एक टक्क्याच्या आसपास कार्बन आणि जोडीला दीड टक्का क्रोमियम असतो. कानशीत कार्बन त्याहूनही थोडा जास्त. लोहारबाबांना टक्के माहीत नाहीत. ते भंगारातला तुकडा ग्राइंडरला लावतात आणि ठिणग्या बघतात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, काडीसारख्या उडतात. कार्बन जितका जास्त, तितकी ठिणगी जवळच फुटते, फांद्या फोडते, फुलबाजीसारखी दिसते. पुस्तकात ही परीक्षा पोलाद ओळखण्याची मान्य रीत म्हणून दिलेली आहे.

स्टेनलेसचं काय? नवशिक्या संग्राहकाला इथं दोन टोकाचे सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, स्टेनलेस म्हणजे कचरा. कुणी म्हणतं, न गंजणारं तेच उत्तम. दोन्ही चूक. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावी हॅरी ब्रिअर्ली यांनी लोखंडात सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद तयार केलं आणि जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांचा गंज थांबला. क्रोमियम पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, न दिसणारा थर धरतो आणि तो हवा-पाण्याला आत येऊ देत नाही. त्याच्या जोडीला पुरेसा कार्बन असेल तर सुरी उत्तम होते. नसेल तर ती चमच्याच्या जातीची. इथं एक गैरसमज दूर करतो. ‘चुंबक चिकटलं नाही तर खरं स्टेनलेस’ असं आपण भांड्यांच्या दुकानात ऐकतो. ते भांड्यांपुरतं ठीक, कारण भांड्याच्या पोलादात निकेलही असतं. सुरीचं कडक होणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. नुसत्या साध्या कार्बन पोलादाची ओळख मात्र आपल्या स्वयंपाकघरातच आहे: आईच्या विळीवर चिरलेली कैरी काळी पडते, आणि विळीही. कांदा, लिंबू, चिंच यांनी पात्यावर करडा-निळा डाग चढतो. हा डाग खराबी नव्हे. तो नीट बसला की तांबड्या गंजाला थोडा अडसरच होतो.

पाणी पाजणं म्हणजे काय

आपण ‘पाणीदार’ म्हणतो, ‘पाणी जोखलं’ म्हणतो. हे शब्द भात्याजवळून आले असावेत असं मला वाटतं. पात्याला पाणी पाजणं ही सुरीच्या जन्मातली निर्णायक घटका. पातं साधारण आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्या उष्णतेला लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. हळू थंड केलं तर कार्बन पुन्हा वेगळा होतो. पण एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही; तो अडकतो, रचना ताणली जाते आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. काचेसारखंच ठिसूळही. हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे.

म्हणून दुसरी पायरी. कडक झालेलं पातं घासून उजळ करतात आणि पुन्हा मंद तापवतात. उजळ पृष्ठभागावर रंग चढू लागतात. सुमारे २२० ते २३० अंशांना फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा. २५५-२६० ला तपकिरी. २७०-२८० ला जांभळा. ३०० च्या आसपास निळा. सुरीला पिवळ्यावर थांबतात, कुऱ्हाडीला जांभळ्याकडे जाऊ देतात, आणि ज्याला वाकून परत यायचं असतं त्याला निळं होऊ देतात. कडकपणा थोडा सोडायचा आणि चिवटपणा घ्यायचा, असा हा सौदा. आज कारखान्यात हा सौदा रॉकवेल नावाच्या मोजपट्टीवर आकड्यात मांडतात. युरोपीय धाटणीच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या बहुधा ५६ ते ५८ वर असतात, जपानी सुऱ्या ६० च्या पुढे. जपानी सुरीची धार जास्त टिकते, पण हाडावर मारली तर तिची कड फुटते. आकडा मोठा म्हणजे सुरी मोठी, असं नाही.

हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा अध्याय आहे. त्यात वीस शस्त्रं सांगितली आहेत आणि त्यांना पाजण्याचे तीन प्रकार: क्षारात, पाण्यात आणि तेलात. बाण काढायला आणि हाड कापायला क्षारातलं, मांसासाठी पाण्यातलं, शिरा आणि स्नायू यांच्यासाठी तेलातलं. धार लावायला गुळगुळीत दगड आणि ती राखायला सावरीच्या लाकडाची फळी, असंही तिथं आहे. आणि परीक्षा काय? केस कापला गेला पाहिजे. मी हा भाग लोहारबाबांना वाचून दाखवला तेव्हा त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही. तेल आणि पाणी यांतला फरक त्यांना रोजचाच होता. पाण्यात पातं झपाट्यानं थंड होतं, जास्त कडक होतं, पण तडा जाण्याचा धोका वाढतो. तेलात सावकाश. बेअरिंगचं पोलाद ते कधीच पाण्यात बुडवत नाहीत.

खरं दमास्कस, खोटं दमास्कस

आता माझ्या फसगतीकडे येतो. दमास्कस या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे मूळची. तिचं पोलाद दमास्कसचं नव्हे, आपल्या दक्षिणेचं. बंद मुशीत लोखंड आणि झाडपाला किंवा लाकूड घालून ते दीर्घकाळ तापवत आणि सावकाश निवू देत. मुशीतून निघणाऱ्या पोलादाच्या गोळ्यांत दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असे. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक नामांकित केंद्र. हे गोळे पश्चिम आशियात जात आणि तिथं त्यांच्या तलवारी होत. घडवलेल्या पात्यावर जी लहरदार नक्षी उमटे तिला आपल्याकडे जौहर म्हणत. या पोलादाचं ‘वूट्झ’ हे नाव इंग्रजीत गेलं त्यात मुंबईचा हात आहे. मुंबईत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. त्या पोलादातून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुरीकारानं एक लहानसा चाकू घडवून पाहिला. पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडे यांनी पोलादावर प्रयोग केले. विजेचे म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते फॅरडे लोहाराचे चिरंजीव होते. मी इतकी वर्षं त्यांचे नियम शिकवले आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

नक्षीचं कोडं बरंचसं सुटलं ते १९९८ च्या सुमारास. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन आणि लोहारकाम करणारे आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून दाखवलं की मूळ लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी अल्प अंश असेल, तर वारंवार तापवून ठोकताना कडक कणांच्या रांगा तयार होतात आणि त्या रांगाच नक्षी म्हणून दिसतात. विशिष्ट खाणीची माती संपली की कारागिराची तीच रीत, तीच मेहनत, पण नक्षी उमटत नाही. एक विद्या लोप पावण्यामागे असंही कारण असू शकतं, हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो.

दुसरी गोष्ट: वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र तापवून, ठोकून, दुमडून केलेलं पातं. आज चांगले कारागीर ‘दमास्कस’ म्हणतात ते बहुधा हेच. ते वूट्झ नाही, पण खोटंही नाही. तिसरी गोष्ट माझ्या साडेचार हजारांची: एकाच धातूवर आम्लानं किंवा लेझरनं काढलेलं चित्र. फरक ओळखायची रीत सोपी आहे. मुठीजवळचा छोटा भाग बारीक पेपरनं घासा. नक्षी जाईल. मग त्यावर लिंबाचा रस किंवा सौम्य आम्ल लावून थोडा वेळ थांबा. नक्षी धातूच्या अंगातली असेल तर परत येईल. रंगवलेली असेल तर येणार नाही. आणखी एक खूण: खरी नक्षी पात्याच्या पाठीवरही चालू राहते, कडेशी येऊन थांबत नाही.

विकत घेताना काय बघावं

पोलाद कितीही उत्तम असो, पात्याचा आकार बिघडला तर सुरी कामाची नाही. म्हणून मी आता हे क्रमानं बघतो.

प्रथम पातं डोळ्यांसमोर धरून पाठीवरून नजर टाकावी. वाकडेपणा, पीळ तिथं दिसतो. मग जाडी. पाठीपासून धारेकडे आणि मुठीपासून टोकाकडे जाडी हळूहळू उतरली पाहिजे. सगळीकडे एकच जाडी असेल तर तो पत्राच. लोहारबाबांनी टिचकी मारून जे सांगितलं ते हेच. धारेचा कोन भाजीच्या सुरीला प्रत्येक बाजूनं पंधरा ते वीस अंश पुरतो. कोयत्याला तो जास्त लागतो, नाहीतर कड दुमडते.

त्यानंतर मूठ. पात्याचा मागचा भाग मुठीत कुठवर गेला आहे? शेवटपर्यंत गेला असेल आणि रिव्हेटनं बसवला असेल तर भरवशाचा. बोटभर आत जाऊन लाखेनं किंवा गोंदानं चिकटवला असेल तर जड कामात निखळणार. लाकूड आणि धातू यांच्या सांध्यात नख अडकता कामा नये, कारण तिथंच पाणी शिरतं.

शेवटी शिक्का. नवा माणूस शिक्का सर्वांत आधी बघतो. मीही तसंच केलं. जर्मनीतल्या झोलिंगेन गावाचं नाव कायद्यानं संरक्षित आहे. दुसरीकडे बनवलेल्या सुरीवर ते घालता येत नाही. शेफिल्डमध्ये सुरीकारांची संस्था १६२४ पासून आहे आणि शिक्क्यांवर देखरेख करणं हे तिचं एक मुख्य काम होतं. तिथल्या जोसेफ रॉजर्स या पेढीचा तारा आणि क्रॉस हा शिक्का हिंदुस्थानात इतका मानला जाई की त्याच्या नकलाही भरपूर निघाल्या. म्हणून शिक्का हा पुरावा नव्हे. तो फक्त दावा असतो. पातं तो दावा खरा करतं किंवा करत नाही.

कायद्याचंही भान हवं. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, तलवारी, खंजीर हे शस्त्रांच्या वर्गात येतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. विळी आणि कोयता घरात ठेवायला अडचण नाही, पण शोभेची म्हणून लांब कट्यार घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि १९७२ च्या कायद्यानं ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला ‘जुना जांबिया’ भेट देण्याचा बेत असेल तर तो सोडून द्यावा.

आणि जपणूक. चामड्याच्या म्यानात पातं कायमचं ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि त्यातली कमावण्याची द्रव्यं पोलाद खातात. पुसून, कोरडं करून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खाण्याचं तेल कालांतरानं चिकट होतं.

माझ्या हातून झालेली चूक

आजोबांचा घडीचा चाकू मी स्वतः खराब केला. धार गेली होती. दगडावर तासभर घासण्याचा कंटाळा आला म्हणून एका ओळखीच्याच्या ग्राइंडरवर धरला. दोन मिनिटांत पातं लखलखलं. टोकाशी एक सुंदर निळा पट्टा उमटला, मला वाटलं शोभा आली. वर वाचलेले रंग आठवा. निळा म्हणजे तीनशे अंश. पातळ कड काही क्षणांत तापते आणि तिथलं पाणी उतरतं. त्यानंतर त्या चाकूनं पेरूची फोडसुद्धा दुसऱ्या दिवशी धड होईना. लोहारबाबा एवढंच म्हणाले, “घाई करशात ते धार जाई.” साठ-सत्तर वर्षं टिकलेली धार मी दोन मिनिटांत घालवली. ते पातं आता तसंच ठेवलं आहे, निळ्या पट्ट्यासकट. संग्रहातली सर्वांत जास्त शिकवणारी वस्तू तीच.

एक कोयता

या संग्रहाबद्दल माझं मत पालटलं ते मात्र वेगळ्या प्रसंगानं. दिवाळी झाली की आमच्या भागातली अनेक आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडे निघतात. या मजुरीच्या व्यवहारात माणसांचं मोजमापच ‘कोयता’ या शब्दानं होतं. एक कोयता म्हणजे एक जोडपं, कधी सोबत एखादं मूल. उचल कोयत्यावर दिली जाते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली बारडोलीच्या साखर कारखान्यांवर आणि खानदेशातून तिथं जाणाऱ्या मजुरांवर लिहिलं. तो लेख वाचताना मला आमच्या रस्त्यावरून जाणारे ट्रक दिसत होते.

तीन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मी लोहारबाबांच्या सालाजवळ बसलो होतो. एक बाई कोयता शेवटून घ्यायला आली. तो कोयता पाहून मी उठून उभा राहिलो. पातं झिजून दोन बोटं अरुंद झालेलं, पण धारेची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. मूठ काळी, गुळगुळीत, आणि तिच्यावर चार बोटांचे चार खळगे. संग्राहकाच्या भाषेत म्हणायचं तर निर्दोष वस्तू. नवा कोयता तेव्हा अडीचशे-तीनशेला मिळत होता. मी तिला म्हटलं, ताई, हजार रुपये देतो, हा मला द्या.

तिनं माझ्याकडे आणि मग लोहारबाबांकडे पाहिलं. म्हणाली, नवा हातात बसायला अर्धा हंगाम जातो. तोवर मनगट सुजतं. त्या दिवसांची मजुरी कोण देईल?

मी गप्प झालो. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुंध्याशी जास्त असते. म्हणजे प्रत्येक घावाला कमरेत वाकणं आलं. दिवसाला असे किती घाव, याचा हिशेब मी मनात करू लागलो आणि सोडून दिला. कोयता पन्नास ग्रॅम जड असेल, तोल अर्धा बोट पुढे असेल, धार दुपारीच बसत असेल, तर ते सगळं तिच्या मनगटातून वसूल होणार. पोलादाचा टक्का, रंग, कोन, मुठीचा सांधा, हे जे मी चार वर्षं वाचत होतो ते सगळं त्या एका वाक्यात होतं. आणि मी ते हजार रुपयांना भिंतीवर टांगायला मागत होतो.

मी तिला विचारून कोयता कागदावर ठेवला आणि पेन्सिलीनं त्याचा खाका काढून घेतला. पाठीची जाडी तीन ठिकाणी मोजली, वजन केलं, मुठीचं लाकूड विचारलं. ती धार लावून होईस्तोवर थांबली आणि कोयता घेऊन गेली.

तेव्हापासून माझा संग्रह कागदांचा झाला आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पूर्वी अडकित्ते पाहिले होते. दिनकर केळकरांनी १९२० च्या आसपास घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली तेव्हा अडकित्त्यालाही कुणी जपून ठेवेल असं फारसं कुणाला वाटत नसावं. त्यांनी वस्तू जमवल्या म्हणून त्या आपल्याला दिसतात, हे खरं. पण जी वस्तू अजून कुणाच्या हातात आहे ती तिथून काढू नये, एवढा नियम मी स्वतःपुरता केला. आतापर्यंत विळ्या, विळे, कोयते, धारिये, मिरचीच्या पथारीवरच्या छोट्या सुऱ्या अशा एकसष्ट पात्यांचे खाके झाले. प्रत्येकासोबत ते कुठल्या पोलादाचं, कशात पाजलं आणि वापरणाराचं म्हणणं काय, याची नोंद.

रंग बघणारे डोळे

लोहारबाबांचं साल मुद्दाम अंधारं आहे. तापलेल्या पात्याचा रंग उजेडात फसवतो. गेल्या वर्षी त्यांची पाती बिघडू लागली. एक विळा तडकला, दोन मऊ निघाले. हात तोच, कोळसा तोच. मग लक्षात आलं, डोळ्यांत मोतीबिंदू. फिकट पिवळा आणि तपकिरी यांतला फरक त्यांना दिसेनासा झाला होता.

काही महिने मी त्यांचे डोळे झालो. एक जुनं स्पीकरचं चुंबक तारेला बांधून दिलं. सुमारे ७७० अंशांना लोखंडाचं चुंबकत्व जातं. पातं चुंबकाला चिकटेनासं झालं की अजून थोडं तापवायचं आणि बुडवायचं. ही युक्ती त्यांना पटली. पण दुसऱ्या पायरीला चुंबक उपयोगाचं नाही, तिथं रंगच लागतो. मी शेजारी उभा राहून सांगायचो. “पिवळा उना का, गुरुजी?” “आला.” आणि ते पातं बाजूला घेत. एकदा मला उशीर झाला आणि विळा जांभळा झाला. त्यांनी काही न बोलता तो पुन्हा भट्टीत घातला.

शस्त्रक्रिया झाली. आता नीट दिसतं, पण रंग वेगळे दिसतात. मोतीबिंदू काढल्यावर निळ्या छटा जास्त उजळ दिसतात, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. पन्नास वर्षांची रंगांची ओळख त्यांना नव्यानं करून घ्यावी लागली. लोखंडाच्या तुकड्यांवर रंग काढून त्यांनी ते दोन आठवडे पारखले. मुलगा सुरतेला नोकरीत आहे. त्याला हे काम करायचं नाही, आणि त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. माझ्या वहीत अंश लिहिलेले आहेत. पण वहीतला ‘२३०’ हा आकडा आणि पात्यावर धावत येणारा, क्षणभर थांबणारा पिवळा यांत किती अंतर आहे, ते मला आता माहीत आहे.

या पावसाळ्यात त्यांनी मला एक सुरी करून दिली. बेअरिंगच्या कडीची, बाभळीची मूठ, शिक्का नाही, नक्षी नाही. पाणी पाजताना ते म्हणाले, रंग तुम्हीच सांगा. मी सांगितला.

यंदाच्या खंडेनवमीला ती सुरी पाटावर होती. नमस्कार झाल्यावर दुसऱ्या दिवशी बायकोनं ती उचलली आणि कांदा चिरायला घेतली. पात्यावर पहिला करडा डाग पडला. मी काही बोललो नाही.